ऊन लागण्याआधी

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं भर उन्हात कितीतरी तास बसून होती. त्यांतले १४ जण उष्माघाताने दगावले. त्या दिवशी तिथला पारा चाळिशीच्या खालीच होता. चंद्रपूर-अकोल्याच्या माणसाला तो आकडा विशेष वाटणारही नाही. पण खाडीकाठची दमट हवा, डोक्यावर छप्पर नाही, गर्दीतून उठून जायला वाट नाही आणि सकाळपासूनचं बसणं, एवढं एकत्र आलं की चाळिशीखालचं ऊनही जीव घेतं.

उन्हामुळे होणारे बहुतेक मृत्यू टाळता येतात. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी महागड्या नाहीत. पाणी, सावली, ओलं फडकं आणि वेळेचं भान एवढं पुरतं. मात्र ती तयारी ऊन पेटण्याआधी करावी लागते, आणि तिचा बराच भाग एकट्यादुकट्याच्या हातात नसतो. म्हणून हा लेख घरातल्या माणसांसाठी आहे, तसाच मुकादम, मुख्याध्यापक, सरपंच, सोसायटीचे सचिव आणि कार्यक्रमांचे आयोजक यांच्यासाठीही आहे.

उन्हाळा कुठे बदलला?

१९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. २०२४ हे जगाच्या नोंदींतलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा ते दीड अंशाहून थोडं जास्तच तापलं होतं. एक-दीड अंशाने काय बिघडतं, असं वाटू शकतं. पण सरासरी थोडी सरकली की टोकाचे दिवस पुष्कळ वाढतात, आणि माणूस आजारी पडतो तो त्या टोकाच्या दिवसांत.

आरोग्याच्या दृष्टीने तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, उष्णतेच्या लाटा लवकर येतात. मुंबई-रत्नागिरीकडे तर मार्चमध्येच पारा चढतो, तेव्हा शरीराला उन्हाची सवय झालेली नसते. दुसरी, रात्री तापू लागल्या आहेत. दिवसभर तापलेलं शरीर रात्री निवलं नाही, तर दुसऱ्या दिवशीचं ऊन त्याला जास्त बाधतं. तिसरी, दमटपणा. शरीर थंड होतं ते घाम वाळताना. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर घाम नुसता निथळत राहतो आणि आतली उष्णता आतच राहते. म्हणूनच भारतीय हवामान विभागाचे निकष मैदानी भाग आणि किनारपट्टीसाठी वेगळे आहेत. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि किनाऱ्यावर ३७ अंश असेल, शिवाय ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी चढलेलं असेल, तर ती उष्णतेची लाट. पारा ४५ वर गेला, तर नेहमीचं तापमान काहीही असो, ती लाटच.

उन्हाने गेलेला प्रत्येक माणूस उष्माघाताच्या नोंदीत सापडत नाही. शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला जास्त रक्त कातडीकडे ढकलावं लागतं. पाणी कमी पडलं की मूत्रपिंडांवर ताण येतो. मग कुणाला हृदयविकाराचा झटका येतो, कुणाची मूत्रपिंडं निकामी होतात, आणि दाखल्यावर तेवढंच कारण लिहिलं जातं. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यातल्या एकूण मृत्यूंची नंतर आधीच्या वर्षांशी तुलना झाली, तेव्हा १,३४४ मृत्यू नेहमीपेक्षा जास्त झाल्याचं दिसलं. त्यातून धडा घेऊन त्या शहराने २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा तयार केला. पुढे नागपूरसारखी शहरंही त्याच वाटेने गेली.

ऊन बाधतंय हे कसं ओळखायचं?

सुरुवात साधी असते. अंगावर घामोळं येतं, लघवी पिवळीधमक आणि कमी होते, उन्हाळी लागते, पोटऱ्यांत गोळे येतात. घामोळं सोडलं तर बाकीची सगळी शरीरातलं पाणी आणि क्षार कमी पडल्याची खूण. इथेच थांबून सावली गाठली आणि पाणी प्यायलं तर पुढचं टळतं.

दुसरी पायरी म्हणजे गळून जाणं. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, अंग घामाने थबथबतं, नाडी जलद चालते. माणूस शुद्धीवर असतो, नीट बोलतो. त्याला सावलीत झोपवा, पाय थोडे उंच ठेवा, कपडे सैल करा, घोट-घोट पाणी किंवा ओआरएस द्या आणि अंग ओल्या फडक्याने पुसा. अर्ध्या तासात उतार पडला नाही, किंवा उलट्या थांबत नसतील, तर दवाखाना गाठा.

तिसरी पायरी म्हणजे उष्माघात. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि मेंदूवर परिणाम दिसतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो, झटके येतात किंवा तो बेशुद्ध पडतो. उष्माघातात कातडी कोरडीच असते, असा समज पक्का रुजलेला आहे. घरात पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तसं होतंही. पण उन्हात राबणारा तरुण मजूर उष्माघाताने कोसळतो तेव्हा त्याचं अंग घामाने भिजलेलं असू शकतं. त्यामुळे घाम आहे की नाही यावर विसंबू नका. अंग भाजतंय आणि वागणं-बोलणं बिघडलंय, एवढं दिसलं की उष्माघात समजूनच हालचाल करा.

पहिला अर्धा तास

१०८ ला फोन करा, आणि रुग्णवाहिकेची वाट न पाहता माणसाला थंड करायला लागा. आधी थंड करणं, मग हलवणं, हा क्रम पाळा. अर्ध्या तासाच्या आत शरीराचं तापमान ३९ अंशांखाली आणता आलं, तर वाचण्याची शक्यता खूप वाढते.

सावलीत आणा. वरचे कपडे काढा. शेतात असाल तर पाण्याची मोटर चालू करून पाइपचं पाणी अंगावर सोडा. हौद किंवा मोठं टिपाड असेल आणि धरायला माणसं असतील, तर डोकं वर ठेवून मानेपर्यंत पाण्यात बसवा. धडधाकट माणूस कामावर कोसळला असेल तेव्हा हा सर्वांत जलद उपाय आहे. पाणी कमी असेल तर पूर्ण अंग सतत ओलं ठेवा आणि पुठ्ठा, ताट, पंखा, जे असेल त्याने जोराने वारा घाला. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवा. नुसत्या कपाळावरच्या ओल्या पट्टीने हे भागत नाही.

काही गोष्टी मात्र करू नका. बेशुद्ध किंवा भ्रमलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. ते फुप्फुसात जाऊ शकतं. पॅरासिटामॉल किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नका. हा जंतुसंसर्गाचा ताप नव्हे, त्यामुळे त्या गोळ्यांनी तो उतरत नाही, उलट आधीच ताणलेल्या यकृताला किंवा मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. तळपायांना कांद्याचा रस चोळण्यात किंवा उतारा टाकण्यात हा मोलाचा अर्धा तास घालवू नका. तो वेळ पाण्याचा आणि वाऱ्याचा आहे.

कुणाकडे जास्त लक्ष द्यायचं?

साठीच्या पुढच्या माणसांना तहान कमी लागते आणि घामही कमी येतो. दुपारी एकटे राहणारे आजी-आजोबा, अंथरुणाला खिळलेले रुग्ण यांची लाटेच्या दिवसांत दोनदा चौकशी व्हायला हवी. फोनवर ‘बरी आहे’ ऐकून समाधान मानू नका. खोलीत जाऊन बघा: खोली किती तापलीय, पाणी हाताशी आहे का, लघवी झाली का.

तान्ह्या बाळाला सहा महिन्यांपर्यंत उन्हाळ्यातही फक्त आईचंच दूध. वरचं पाणी देऊ नका. दूध जास्त वेळा पाजा आणि आईला भरपूर पाणी द्या. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळू नका. उभ्या गाडीत मुलाला क्षणभरही एकटं ठेवू नका. गरोदर बाईला जास्त उष्णता सोसावी लागली तर दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे भर दुपारची कामं आणि लांबून पाणी वाहून आणणं घरातल्या इतरांनी वाटून घ्यावं.

रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार किंवा मानसिक आजार यांवर रोज औषध घेणाऱ्यांनी फेब्रुवारीतच डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा: उन्हाळ्यात यातल्या कुठल्या गोळीचा डोस बदलायला हवा का? लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, बीटा ब्लॉकर, मानसिक आजारावरची काही औषधं यांमुळे उन्हाचा त्रास वाढू शकतो. पण मनानेच गोळी बंद करू नका. इन्सुलिन उन्हात किंवा गाडीत ठेवलं तर त्याची ताकद जाते. फ्रीज नसेल तर इन्सुलिन प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, झाकलेल्या डबीत घालून पाण्याच्या मातीच्या भांड्यात ठेवता येतं.

पाणी, मीठ आणि पेयं

तहान लागण्याची वाट पाहू नका. उन्हात कष्टाचं काम असेल तर दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. एकदम घटाघटा पिऊन मग तीन तास कोरडं राहण्यापेक्षा हे बरं. तासाला दीड लिटरच्या पुढे मात्र जाऊ नका. रक्तातलं मीठ फार पातळ होणंही धोक्याचं असतं. पाणी पुरतंय का, हे लघवी सांगते: फिकट असेल तर ठीक, गडद असेल तर कमी पडतंय.

ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, पन्हं, कोकम सरबत, ज्वारीची आंबील ही आपली पेयं उन्हाळ्याला योग्यच आहेत, कारण त्यांतून पाण्याबरोबर क्षारही मिळतात. फार घाम गेला असेल किंवा जुलाब-उलट्या असतील तर ओआरएस घ्या. एक लिटरची पुडी असेल तर ती पूर्ण, एक लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवा आणि ते पाणी २४ तासांत संपवा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानातलं गोड फळपेय म्हणजे ओआरएस नव्हे. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघून घ्या. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याचं आणि मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. दारूने शरीरातलं पाणी आणखी कमी होतं, म्हणून उन्हातून आल्यावर ती टाळा.

घर थंड कसं ठेवायचं?

अहमदाबादच्या एका रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड सर्वांत वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर हलवला, तेव्हा उष्णतेमुळे अतिदक्षता विभागात न्याव्या लागणाऱ्या नवजात बाळांची संख्या निम्म्याहूनही कमी झाली. वरचा मजला आणि पत्र्याचं घर म्हणजे दिवसभर तापणारी भट्टी. घर दुमजली असेल तर म्हातारी माणसं, बाळ-बाळंतीण यांना उन्हाळाभर खाली झोपवा.

पत्र्याला किंवा स्लॅबला मार्चपूर्वी पांढरा रंग किंवा चुना द्या. त्याने आतलं तापमान २ ते ५ अंशांपर्यंत कमी होऊ शकतं. पत्र्यावर तुराट्या, गवत किंवा वेल चढवला तरी फरक पडतो, फक्त चुलीच्या ठिणगीपासून जपा. खिडक्या-दारं सकाळी नऊच्या सुमारास बंद करून पडदे ओढा आणि संध्याकाळी बाहेरची हवा निवल्यावर उघडा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्या आणि कूलर उत्तम चालतात. कोकणच्या दमट हवेत कूलरचा उपयोग कमी. तिथे आरपार वारा खेळणं आणि अंग ओलं करून पंख्याखाली बसणं जास्त गुणकारी. खोली ४० अंशांच्या वर तापली असेल तर नुसता कोरडा पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. अशा वेळी अंगावर ओला पंचा हवाच.

कामाची जागा

तेंदूपानं तोडणारे, ऊसतोड कामगार, वीटभट्टीवरची कुटुंबं, बांधकाम मजूर, वाहतूक पोलीस, घरोघर सामान पोहोचवणारी मुलं यांना ‘दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नका’ एवढा सल्ला देऊन भागत नाही. त्यांची वेळ दुसरं कुणीतरी ठरवतं. ज्याच्या हातात वेळ ठरवणं आहे, त्याच्याच हातात त्यांचा जीव आहे, हे मालक-मुकादमांनी मनावर घ्यावं.

काम पहाटे सुरू करा, दुपारचे तास सुट्टी द्या, उरलेलं काम संध्याकाळी घ्या. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात पूर्ण वेळ जुंपू नका. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या एक पंचमांश आणि मग रोज तेवढंच वाढवत न्यावं. आजारपणातून किंवा गावाहून परतलेल्या जुन्या कामगारालाही तीन-चार दिवस सवलत द्या. कामाच्या जागी सावलीचा मांडव, थंड पाण्याचा माठ आणि जोडीदार एकमेकांवर लक्ष ठेवतील अशी पद्धत असावी. कुणी गोंधळल्यासारखं बोलू लागला तर त्याला ‘नाटक करतोय’ म्हणू नका. तेच उष्माघाताचं लक्षण असतं.

बायकांसाठी आडोशाचं स्वच्छतागृह हा उन्हाळ्यात पाण्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. ते नसेल तर त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि मग मूत्रमार्गाचे संसर्ग व मूतखडे मागे लागतात. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर आणि निकाराग्वातल्या ऊसतोड कामगारांमध्ये तरुण वयातच मूत्रपिंडं निकामी होण्याचं प्रमाण मोठं आहे, आणि उन्हातले अतिकष्ट हे त्याचं एक प्रमुख कारण मानलं जातं. तिथे पाणी, विश्रांती आणि सावली यांची शिस्त लावल्यावर मूत्रपिंडांची हानी कमी झाल्याचं दिसलं. बीड-धाराशिवच्या ऊसतोड टोळ्यांसाठी हीच शिस्त साखर कारखान्यांना लावता येईल. रोजगार हमीच्या कामावर तर पिण्याचं पाणी, सावली आणि प्रथमोपचार पेटी हा मजुरांचा हक्क आहे; तो मागून घ्या.

ऊन उतरल्यावरचे आजार

तापमानवाढीचा परिणाम उन्हाळ्यापुरता थांबत नाही. हवा उबदार झाली की डेंग्यूचा विषाणू एडिस डासाच्या शरीरात लवकर वाढतो. त्यात टंचाईची भर पडते: आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या वस्तीत लोक टिपाडं भरून ठेवतात, आणि हा डास नेमका अशाच स्वच्छ साठवणीत अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा. भांडं नुसतं उपडं करू नका, आतून घासून काढा. अंडी भिंतीला चिकटून कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. रिकामं करता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडा. डेंग्यूच्या तापात पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. ताप उतरताना पोटात जोराची कळ, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा सुस्ती दिसली तर लगेच रुग्णालय गाठा.

पाऊसही आता थोड्या वेळात फार कोसळतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदीर आणि गुरांच्या मुतातून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि कातडीवरच्या जखमेतून शिरतात. पुराच्या पाण्यातून किंवा भाताच्या चिखलातून जावं लागत असेल तर जखम झाका, गमबूट घाला, आल्यावर साबणाने पाय धुवा. पाण्यातून चालून आल्यावर एक ते तीन दिवसांत डॉक्टरांना भेटा. गरज असल्यास ते प्रतिबंधक गोळी देतात. त्यानंतर ताप, डोळे लाल आणि पोटऱ्यांत तीव्र दुखणं असेल तर अंगावर काढू नका. पूर ओसरला की विहिरीत टीसीएल पावडर टाकली का, हे ग्रामपंचायतीला विचारा आणि तोवर पाणी उकळून प्या.

गावाचा आणि सोसायटीचा आराखडा

१ मेच्या ग्रामसभेत उन्हाची चर्चा करणं म्हणजे उशीर. २६ जानेवारीच्या ग्रामसभेतच हा विषय घ्या आणि पाच गोष्टी ठरवा. एक, एकटे राहणारे वृद्ध, अंथरुणावरचे रुग्ण, गरोदर बायका यांची यादी, आणि प्रत्येकाची विचारपूस करणाऱ्याचं नाव. दोन, दुपारी कुणालाही येऊन बसता येईल अशी थंड जागा; समाजमंदिर, शाळेचा वर्ग किंवा देवळाचा सभामंडप चालेल. तीन, एसटी थांबा आणि आठवडी बाजारात पाणपोई व सावली. चार, प्राथमिक आरोग्य केंद्रात बर्फ, ओआरएस आणि उष्माघाताच्या खाटेची तयारी आहे का, याची आशाताई आणि सरपंच यांनी मिळून केलेली पाहणी. पाच, हवामान विभागाचा नारिंगी किंवा लाल इशारा आला की शाळा सकाळची, बाजार आणि कामं पहाटेची, आणि लग्न, सभा, मिरवणुका संध्याकाळी.

शहरातल्या सोसायट्यांनाही यादी तीच: वरच्या मजल्यावरचे वृद्ध, गेटवरचा सुरक्षारक्षक, कचरा उचलणारे, सामान घेऊन येणारी मुलं. गेटवर पाण्याचा माठ आणि सावलीत एक बाकडं ठेवायला फार खर्च लागत नाही.

झाडं लावणं, कोळसा आणि तेल कमी जाळणं, विजेसाठी सूर्याकडे वळणं यांचा आग्रह धरायलाच हवा. ज्या धुरामुळे पृथ्वी तापते, तोच धूर आपल्या फुप्फुसांतही जातो. पण त्या बदलाची फळं यायला वर्षं लागतील आणि तोवर दर वर्षी मार्च येणारच आहे. तुमच्या गल्लीतली यादी करायला मात्र एक संध्याकाळ पुरते. ती याच आठवड्यात करा, आणि यादीतल्या प्रत्येक नावापुढे जबाबदारी घेणाऱ्या एका माणसाचं नाव लिहा.